पिंजाऱ्याची कमान

फार फार वर्षांपूर्वी नदीच्या एका वळणावर एक गाव होतं. गाव लहान, पण त्याच्या शाळेची ऐट मोठी. ऐट कसली, तर त्या शाळेला भिंतीच नव्हत्या. एक जुनी चिंच, तिच्याखाली शेणानं सारवलेलं अंगण आणि अंगणात मांडी घालून बसलेली तीस-पस्तीस पोरं. वाटेनं जाणारा माणूस घटकाभर थांबायचा, चार पाढे ऐकायचा, एखाद्याचं चुकलं तर हळूच सांगायचा आणि आपल्या वाटेला लागायचा.

शिकवायला एक पंतोजी होते. आवाज खणखणीत, मन मात्र लोण्याचं. गावात ज्याला ज्याला अक्षर येत होतं, त्याला ते पंतोजींनीच गिरवायला लावलं होतं. गावच्या पाटलांनासुद्धा.

वर्षातून एक दिवस मात्र त्या अंगणात पाढे व्हायचे नाहीत. थंडी पडायला लागली की दगडूचाचा पिंजारी यायचे. खांद्यावर माणसाएवढी कमान, तिला ताणून बांधलेली आतड्याची चिवट दोरी आणि हातात लाकडी मोगरी. चिंचेखाली वारा कमी लागतो, म्हणून ते तिथेच बैठक मारायचे. घरोघरच्या गाद्या आणि दुलया तिथे यायच्या. मोगरी दोरीवर पडली की आवाज व्हायचा, टण्ण, टण्ण, टण्ण. वर्षभर दबून घट्ट झालेला कापूस उलगडायचा, फुलायचा, अंगणभर तरंगायला लागायचा. संध्याकाळी आया पोरांना न्यायला आल्या की आपलं पोर कुठलं हे त्यांना चटकन ओळखू यायचं नाही.

चाचांचा एक ठरलेला विनोद होता. सगळ्यात लहान पोराला ते जवळ बसवायचे, त्याच्या हनुवटीला कापसाची दाढी लावायचे आणि हात जोडून म्हणायचे, "या आजोबा, बसा. गुडघे काय म्हणतात?" दर वर्षी तोच विनोद, आणि दर वर्षी पोरं हसून हसून लोळायची. साठ वर्षांपूर्वी पंतोजींच्या हनुवटीलाही ती दाढी लागली होती, चाचांच्या बापाच्या हातून. तेव्हा छोटा दगडू आणि छोटे पंतोजी त्याच अंगणात, त्याच कापसात एकमेकांच्या अंगावर लोळले होते. काय दिवस होते ते! पंतोजींना नुसती ती आठवण आली तरी अंगात ऊब यायची.

मग एका वर्षी, पावसाळा सरता सरता, हाटाला गेलेला तेली एक बातमी घेऊन आला. दूरच्या एका पेठेत कुणी माथेफिरू धनुष्यबाण घेऊन शाळेत शिरला होता. नऊ लेकरं गेली.

त्या दिवशी गावात चूल पेटली नाही. ज्या बायांनी ती लेकरं कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती, त्याही तोंडाला पदर लावून रडल्या. दुसऱ्या दिवशी पंतोजींनी हजेरी घ्यायला सुरुवात केली आणि नवव्या नावाशी ते थांबले. पुढची नावं त्यांच्या तोंडून निघेनात.

चावडीवर सभा भरली. पाटील म्हणाले, "उद्या आपल्या पोरांवर बेतलं तर? शाळेला कुंपण घालू." म्हणणं खोटं नव्हतं. पंतोजींनी मान डोलावली. बाभळीच्या काट्यांचं कुंपण झालं. मग कुंपणाला दार आलं, दाराला कुलूप आलं आणि कुलपापाशी भाला घेतलेला राखणदार आला. पंतोजी दर वेळी मान डोलावत गेले. मानेला आता तशी सवयच लागली होती.

भीतीचं पोट काही भरेना. रोज नवी आवई उठायची. एकदा कुणाला ज्वारीच्या शेतात दबा धरून बसलेला माणूस दिसला. दहा जणांनी धावत जाऊन त्याला काठ्यांनी बडवला, तर ते बुजगावणं निघालं. तरी शहाणं कुणी झालं नाही. उलट दवंडी पिटली गेली की गावच्या शिवेत धनुष्य किंवा धनुष्यासारखं काहीही दिसता कामा नये.

त्या "धनुष्यासारखं"नं सगळा घोळ केला. पोरांनी काटक्यांची केलेली खेळणी चुलीत गेली. गोट्या मारायच्या गलोली गेल्या. राममंदिरातल्या मूर्तीच्या हातचं पितळी धनुष्य काढून पेटीत ठेवलं आणि रामराया रिकामी मूठ पुढे करून उभा राहिला. पुजाऱ्याची म्हातारी आई म्हणाली, "आता आभाळातलं इंद्रधनुष्य तेवढं राहिलंय. शिडी आणा की रे कुणीतरी!" एरवी गाव खो खो हसलं असतं. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

राखणदारानं पोरांना एक नवा धडा दिला. तो दोन खुंट्यांना दोरी ताणून बांधायचा आणि ती ओढून सोडायचा. धनुष्याच्या दोरीसारखा आवाज झाला की पोरांनी जमिनीवर पालथं पडायचं, दोन्ही हात डोक्यावर घ्यायचे आणि तो "उठा" म्हणेपर्यंत हूं की चूं करायचं नाही. सकाळी एकदा, दुपारी एकदा. पहिले दोन-चार दिवस पोरं खिदळली. पुढे खिदळायची थांबली, तेव्हा पाटील म्हणाले, "आता शिकली बघा."

थंडी पडली आणि दगडूचाचा आले. वेशीतच राखणदारानं भाला आडवा धरला. "कमान खाली ठेवा!"

चाचांना थट्टा वाटली. ते हसले. पण गाव जमलं, आणि त्यात कुणी हसणारं नव्हतं.

पाटील म्हणाले, "चाचा, तुम्ही काय आम्हाला परके नाही. पण एकाला सूट दिली की उद्या दुसरा मागेल."

मागून कुणीतरी ओरडलं, "माथेफिरूच्या काय कपाळावर लिहिलेलं असतं?"

चाचांनी गर्दीत पंतोजींना शोधलं. "पंत, तू तरी सांग यांना. ह्या कमानीनं आजवर कापसाशिवाय कुणाला मारलंय का?"

सगळ्यांच्या नजरा पंतोजींकडे वळल्या. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण तेवढ्यात त्यांना हजेरीतलं ते नववं नाव आठवलं. न जाणो, काही झालंच तर? पंतोजींनी मान खाली घातली.

राखणदारानं कोयत्यानं कमानीची दोरी कापली. कमान खांद्यावर टाकून चाचा वळले, आणि मग थांबून त्यांनी विचारलं, "यंदा सगळ्यात लहान कोण आहे रे, पंत?"

"पाटलांची नात. मैना. पाच वर्षांची आहे."

चाचांनी झोळीतून चिमूटभर पिंजलेला कापूस काढला आणि पंतोजींच्या हातावर ठेवला. "तिला लाव," म्हणाले आणि चालू लागले.

पंतोजींनी तो कापूस उपरण्याच्या गाठीत बांधून ठेवला. तो मैनेला लावायची त्यांची छाती झाली नाही.

त्या वर्षी थंडीनं हात धुऊन घेतले. दुलयांमधले कापसाचे गोळे एका कोपऱ्यात जायचे आणि पोरं उरलेल्या फडक्याखाली कुडकुडायची. घरोघरी खोकला शिरला. मैना तर तापानं फणफणली. वैद्यांनी तिची दुलई उचलून पाहिली आणि ते पाटलांवर कडाडले, "काढा मी देईन, पण ऊब कुठून देऊ? ही दुलई आहे की धोंड्यांचं पोतं?"

मैनेचा ताप उतरला, तशी पाटलांची ताठ मानही उतरली. त्यांनी पंतोजींना पिंजाऱ्याच्या गावी धाडलं. तीन कोस चालून पंतोजी चाचांच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "दगडू, मी त्या दिवशी बोलायला हवं होतं."

"हो, हवं होतं," चाचा म्हणाले. मग उठले आणि कमानीला नवी दोरी चढवायला लागले.

दुसऱ्या दिवशी चिंचेखाली सगळं गाव लोटलं. कुलूप निघालं, दार सताड उघडलं. गाद्या आल्या, दुलया आल्या. पाटलांच्या मांडीवर बसलेल्या मैनेच्या हनुवटीला पंतोजींनी उपरण्याच्या गाठीतला तो कापूस लावला. चाचांनी हात जोडले. "या आजोबा, बसा. गुडघे काय म्हणतात?" मैना खुदकन हसली. पंतोजींचे डोळे भरून आले. गेले ते दिवस परत आले, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं.

चाचांनी मोगरी उचलली आणि दोरीवर मारली.

टण्ण.

मैनेनं आजोबांच्या मांडीवरून खाली उडी टाकली, ती मातीत पालथी पडली आणि तिनं दोन्ही हात डोक्यावर घेतले. तिच्या शेजारी तिचा भाऊ पडला. मग सगळीच्या सगळी पोरं अंगणभर पालथी पडली. एकही रडलं नाही. तसं त्यांना शिकवलंच होतं.

"उठा रे बाळांनो," पंतोजी कळवळून म्हणाले. "आपले चाचा आहेत. कापूस आहे हा नुसता." एकही पोर उठलं नाही. कापसाची दाढी मैनेच्या तोंडाजवळ मातीत पडली होती.

चाचांनी थरथरणाऱ्या दोरीवर हात ठेवून ती थांबवली.

कुंपण त्याच दिवशी निघालं. रामाचं धनुष्य रामाच्या हातात गेलं. पण कमान पुन्हा वाजली नाही. चाचा आणि पंतोजी दोघं म्हातारे मांडीला मांडी लावून बसले आणि सगळ्या गावाचा कापूस त्यांनी बोटांनी, एक एक पुंजका सोडवत, मोकळा केला. एका दिवसाच्या कामाला दीड महिना लागला. त्यानंतर पुष्कळ हिवाळे आले आणि गेले, मैना स्वतः आजी झाली, पण त्या गावात पिंजाऱ्याची कमान पुन्हा कुणी ऐकली नाही.

म्हणून लहानथोरांनी एवढं ध्यानात ठेवावं: सावधपणाला दारात उभं करावं, पण भीतीच्या हाती घरचा कारभार देऊ नये.