सटवाचं अंगण

काळेउंबर गाव ओलांडून वरच्या माळावर आलं की पाहुण्यांची पहिली तक्रार पायांची असते. सगळा माळ काळ्या दगडगोट्यांनी भरलेला. पायात वहाण असली तरी टोचतं, नसली तर विचारूच नका. पण ह्याच माळाच्या मधोमध खळ्याएवढी एक गोल जागा आहे आणि तिथं औषधालासुद्धा खडा सापडायचा नाही. मूठभर माती उचला, बोटांनी चाळून बघा, नुसती मऊ माती. गावात ह्या जागेला सटवाचं अंगण म्हणतात. इथं देऊळ नाही, ओटा नाही, शेंदूर फासलेला धोंडा नाही. तरी गावात आलेली प्रत्येक नवी नवरी उंबरठा ओलांडण्याआधी इथं येऊन डोकं टेकते. देव कुठं आहे, असं पाहुणे विचारतात. मग गावातलं कुणीतरी जाणतं माणूस त्यांना आधी खाली बसवतं आणि सांगायला लागतं.

गोष्ट पेंढाऱ्यांच्या काळातली आहे म्हणे. तेव्हा गावाच्या वरच्या अंगाला पाटलांची गढी होती. चार पुरुष उंचीच्या मातीच्या भिंती, कोपऱ्यात एक बुरूज आणि सगळ्या गढीला मिळून एकच दरवाजा. त्या दरवाजाला आतून सागवानी अडसर होता, तो सरकवायला चार गडी लागत. संकट यायचं ते बाहेरून, घोड्यावर बसून यायचं, आणि त्याच्यावर इलाज एकच, गढीत शिरायचं आणि अडसर घालायचा, एवढं गावाला पक्कं ठाऊक होतं. भुई हलते हे मात्र कुणाच्या आज्यापणज्यानंही ऐकलेलं नव्हतं. आमच्या लोकांकडे त्या गोष्टीला शब्दच नव्हता.

बुरुजावर पहाऱ्याला सटवा जागल्या असे. त्याच्याआधी त्याचा बाप होता. तीन सालांमागं पेंढारी आले त्या दिवशी बापाला लांबवर घोडी दिसली. आपली की परकी ते नीट बघावं म्हणून तो थांबला आणि नगारा वाजवायला उशीर झाला. खळ्यावरची अकरा माणसं कापली गेली. अकरावा तो स्वतः, त्यांना आत आणायला खाली धावलेला. तेव्हापासून सटवाची आई लिंबाई रोज सकाळी लेकाच्या हातात भाकरी देताना एकच वाक्य बजावायची.

"बघत बसू नगंस. आदी वाजव."

गावातली काही तोंडं मात्र वेगळंच बोलत. उशीर झाला की केला, असं कुणीतरी पारावर म्हणायचं आणि बाकीचे गप्प बसून ऐकायचे. लिंबाई ते ऐकून घरी यायची आणि दार लावून घ्यायची. जागल्याच्या घराचं नाव पुन्हा धुऊन निघावं ह्यापलीकडे त्या बाईला आयुष्यात काही नको होतं.

सुगीचे दिवस होते. भर दुपारी खळ्यांवर मळणी चालली होती आणि मावळतीकडून आवाज आला. घर्रर्र असा, खोल, शेकडो टापा एकदम आपटाव्यात तसा. सटवानं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. दोन्ही हातांनी नगारा बडवायला घेतला. माणसं राशी टाकून पळाली. बायांनी पोरं काखोटीला मारली, म्हाताऱ्यांना फरफटत आणलं, गुरं आत घातली. दीडशे-दोनशे जीव गढीत कोंबले गेले आणि चौघांनी अडसर सरकवला. लिंबाईला इतर म्हाताऱ्यांबरोबर तळघरात उतरवलं. चौकात तीन दगडांची चूल पेटवून तिच्यावर करडईच्या तेलाची काहील चढवली गेली, कारण पेंढारी भिंतीला शिड्या लावतात आणि त्यांच्यावर ओतायला उकळतं तेल लागतं. येमाजी पाटील तलवार घेऊन दरवाजाशी उभे राहिले. त्यांचा धाकटा भाऊ रायाजी भिंतीलगत बंदूक भरत होता.

तेवढ्यात गढी हादरली.

एकदा खालून वर उचलल्यासारखी आणि मग दोनदा आडवी. देवळ्यांतल्या समया, उतरंडीची मडकी, कोनाड्यातले देव, सगळं खाली आलं. काहिलीतलं तेल उसळून दोघांचे पाय भाजले. गुरांनी दावी तोडली आणि त्यांच्या पायांखाली माणसं तुडवली गेली. पश्चिमेच्या भिंतीचा हत्तीएवढा तुकडा सुटला आणि रायाजी उभा होता तिथं माती उरली, रायाजी दिसेना. उकरून काढला तेव्हा त्याचं तोंड मातीनं भरलं होतं आणि छाती चेपली होती.

"तोफ!" कुणीतरी ओरडलं. "तोफा लावल्या रे!"

आणि लोक आणखी आत शिरले. तळघरात, कोठारात, जिथं भिंत जाड तिथं. आज हे ऐकून कुणाला हसू येईल. पण त्यांना हसण्यात अर्थ नाही. भिंत पडते ती तोफेनं, एवढंच त्यांनी ऐकलं होतं.

बुरुजावर सटवा पालथा पडला होता. उठून त्यानं बाहेर नजर टाकली. धुळीचा लोट नव्हता. घोडं नव्हतं, तोफ नव्हती, माणूस नव्हतं. रिकाम्या खळ्यावर ज्वारीची रास तेवढी होती, आणि ती रास कुणी हात न लावता आपोआप पसरत चालली होती. शेंडा खाली बसला, कडा सरकल्या, आणि बघता बघता पुरुषभर उंचीचा ढीग भाकरीसारखा चपटा झाला. सटवा तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं बुरुजाच्या फरशीला कान लावला. टापांचा आवाज खालून येत होता. बुरुजाच्या पोटात एवढी भेग पडली होती की तिच्यात त्याचा हात कोपरापर्यंत गेला. तेव्हा त्याला कळलं की आपण सगळं गाव मरणाच्या तोंडात नेऊन कोंडलं आहे. तो उठला आणि पायऱ्या उतरून खाली धावला.

पाटील भावाचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते.

"पाटील, घोडी न्हाईत," सटवा म्हणाला. "एकबी न्हाई. भुई हलायली. दार उघडा, मानसं माळावर न्या. ह्या भिंती ऱ्हात न्हाईत आता."

पाटलांनी मान वर केली. "नगारा कुनी वाजवला?"

"म्या."

"आन आता दार उघडा म्हनतूस? भुई कुटं हलती का रं? कुनाचा मानूस हाईस तू? बाहीर कोन हुबं हाय?"

एवढं पुरे होतं. बापाच्या वेळचा संशय सगळ्यांच्या ओठांवर एकदम आला. जागल्या फितूर आहे, बाप होता तसाच लेक आहे, दार उघडून गाव पेंढाऱ्यांच्या हाती द्यायचं ठरवून आला आहे. काठ्या पडायला लागल्या. पहिल्या काठीनं खांदा गेला, दुसरीनं दात. गलका ऐकून लिंबाई तळघराच्या पायऱ्या चढून वर आली. सटवानं तिला पाहिलं आणि रक्त थुंकत तो म्हणाला, "आये, तूच म्हनायचीस बघत बसू नगंस. ह्या बारीला बघून आलोय. म्हून सांगतोय."

लिंबाईनं तोंड फिरवलं आणि ती परत खाली गेली.

सटवाला त्या काठ्यांपेक्षा ते जास्त लागलं असणार. पण तो आडवा पडला होता, त्याचा कान भुईला होता, आणि आवाज पुन्हा सुरू झाला होता. ह्या वेळी जवळून. बोलून हे लोक बाहेर येणार नाहीत हे त्यानं ओळखलं. तो काठ्यांखालून निसटला, चुलीपाशी गेला आणि जळती लाकडं दोन्ही हातांनी उचलून त्यानं चौकातल्या कडब्याच्या गंजीत फेकली. मग काहिलीला लाथ घातली. तेल पसरलं आणि आग भिंतीसारखी उभी राहिली. वाळका कडबा, सुगीचा वारा, चारही बाजूंनी बंद गढी. क्षणात चौक धुरानं भरला. बायांच्या पदरांनी पेट घेतला, गुरं हंबरत दरवाजावर धडका द्यायला लागली, तळघरातली म्हातारी माणसं खोकत, सरपटत वर आली. ज्या अडसराला हात लावू नका म्हणून पाटील ओरडत होते तो शेवटी त्यांनीच तिघांना हाताशी घेऊन ओढून काढला.

दरवाजातून पहिला बाहेर पडला तो सटवा. हात करपलेले, एक खांदा लोंबता. उजवीकडे ओढा होता आणि ओढ्यात बाभळीचं रान. तिकडे पळाला असता तर वाचला असता. तो डावीकडे वळला, उघड्या माळावर. पेंढारी बाभळीत दबा धरून बसले असतील ह्या भीतीनं लोक धापा टाकत गढीच्या भिंतीलगतच थांबायला लागले तेव्हा तो मागं वळला आणि त्यानं पाटलांना अशी शिवी घातली की ती गावात अजून कुणी पाहुण्यांसमोर उच्चारत नाही. पाटलांच्या आईचा उद्धार केला, मेलेल्या रायाजीचा केला. आता मात्र गाव चवताळलं. माणसं, बाया, भाजलेले, लंगडणारे, सगळे त्याच्या मागं माळावर धावले. सटवा पळायचा, थांबायचा, मोजल्यासारखं मागं बघायचा, पुन्हा शिवी द्यायचा, पुन्हा पळायचा. सगळ्यांच्या मागून लिंबाई येताना दिसली तेव्हा तो थांबला. मग तो एक पाऊलही हलला नाही.

त्याच्याभोवती कडं झालं. एकदम कुणी हात उचलेना. तेव्हा लिंबाई माणसं बाजूला सारत पुढं आली. तिचा श्वास फुलला होता, केस जळाले होते. तिनं वाकून नारळाएवढा दगड उचलला.

"म्या ह्याला जल्म दिला," ती म्हणाली. "ह्याचा न्यायबी म्याच करते. जागल्याच्या घरात फितूर न्हाई ऱ्हानार."

तिनं मारलेला दगड त्याच्या कपाळावर बसला. तो गुडघ्यांवर आला. त्यानं हात वर केले नाहीत, असं सांगतात. मग सगळ्यांनीच दगड उचलले. ह्या माळावर दगडांना काय तोटा? मारणाऱ्यांत बाया होत्या, मारणाऱ्यांत आज इथं ज्यांची घरं आहेत त्या सगळ्यांचे पूर्वज होते. हाडं मोडल्याचा आवाज ऐकू येत होता आणि तरी कुणी थांबलं नाही.

पुढचे दगड हातात असतानाच भुई उसळली.

आधीचा धक्का ह्याच्यापुढं काहीच नव्हता. उभं माणूस उभं राहिलं नाही. माळ पाण्यासारखा हेलकावला, गुरं चारही पाय फाकून पडली, विहिरीचं पाणी काठावरून बाहेर फेकलं गेलं. पडल्या पडल्या सगळ्यांनी गढीकडे पाहिलं. आधी बुरूज मधोमध उकलला. मग चारही भिंती एकदम आत कोसळल्या, कोठार, चौक, तळघर, सगळ्यावर. खालच्या गावातलं एकही घर उभं राहिलं नाही. धुराळा इतका उठला की दुपारी सूर्य दिसेना. आणि तो बसला तेव्हा गढीच्या जागी मातीचा ढीग होता आणि माळावर आलेलं सगळं गाव जिवंत होतं, एक सटवा सोडून.

हातांतले दगड एकेक करून खाली पडले. पाटील गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी कपाळ जमिनीवर आपटायला सुरुवात केली. लिंबाई मात्र रडली नाही. ती लेकाच्या अंगावरचे दगड काढायला बसली. कुणी मदतीला आलं की त्याचा हात झटकून टाकायची. काही जण सांगतात की दगडांखालून सटवा बोलला, आये, तू भायेर आलीस का, असं त्यानं विचारलं. ते खरं नसावं. इतके दगड पडल्यावर माणूस बोलत नाही. ऐकायला बरं वाटतं म्हणून मागाहून कुणीतरी जोडलं असेल.

सटवाला तिथंच माती दिली. महिन्याभरानं पाटलांनी लांबून पाथरवट बोलावला. गढीच्या पायातली सर्वांत चांगली शिळा निवडली, तिच्यावर सटवाची मूर्ती कोरायची, चौथरा बांधायचा, वर्षाला जत्रा भरवायची असं ठरलं. शिळा गाड्यावर घालून सगळं गाव वाजतगाजत माळावर आलं. जागल्याच्या घराचं नाव धुऊन निघालं होतं, लिंबाईला हवं होतं त्याहून शंभरपट जास्त. ती लेकाच्या जागेवर आडवी पडली होती. गाडा जवळ आला तरी उठली नाही. पाटलांनी हात जोडले, आई म्हणून हाक मारली, तेव्हा ती बोलली.

"लई दगुड झाले पाटील. माज्या लेकावर आता आनीक एक नगं."

शिळा परत गेली. त्यानंतर लिंबाई बारा वर्षं जगली म्हणे, आणि तिनं दुसरं काही केलं नाही. रोज उजाडलं की माळावर यायची आणि लेकाच्या जागेवरचे खडे वेचायची. आधी मोठे दगड गेले, मग गोटे, मग चुरा. शेवटी डोळे गेले तेव्हा ती तळहात मातीवर फिरवून खडे शोधायची. ती गेली त्या दिवशी येमाजी पाटील, तेव्हा ते स्वतः म्हातारे झाले होते, माळावर आले आणि तिच्या जागी खडे वेचायला बसले.

आजही पावसाळा सरला की माळाची माती धुपते आणि अंगणात नवे खडे वर येतात. मग एक दिवस सगळं काळेउंबर कामधंदा सोडून इथं येतं, पाटलांच्या घरापासून ते कालच नांदायला आलेल्या सुनेपर्यंत, आणि उकिडवं बसून माती साफ करतं. आमच्या शेतांत गोफण दिसायची नाही, पाखरं ओरडून उठवतात. चिंचा काठीनं पाडतात. आणि अंगणात सापडलेला खडा, तो हरभऱ्याएवढा का असेना, कुणी भिरकावून देत नाही. हातात धरून कडेपर्यंत चालत नेतात आणि वाकून खाली ठेवतात.