त्र्यंबकरावांनी रोखलेला श्वास

निवृत्त माणसांना बागेत जमून प्राणायाम करायची हौस नुकतीच लागली होती, त्या काळची ही गोष्ट. त्र्यंबकराव आणि घैसास हे दोन निवृत्त मुख्याध्यापक, श्वास कोण जास्त वेळ रोखतो यावर भिडले होते.

त्र्यंबकरावांच्या डोक्यात मोठा मेंदू हुकूम सोडत होता, "रोखा! घैसासने सोडल्याशिवाय सोडायचा नाही."

मेंदूच्या तळाशी शेपटासारखी लंबमज्जा असते. श्वासाचं काम जन्मापासून तिच्याकडे. ती म्हणाली, "काका, रक्तात कार्बन डायऑक्साइड साचलाय. फुप्फुसं रडकुंडीला आलीत."

"तू शिकलीस किती गं?"

"शाळेत पाऊलही टाकलं नाही. पण तुम्ही आठ तास घोरत पडता, तेव्हा श्वास कोण चालवतं?"

"मोठ्यांना उलट बोलतेस? आमच्या वेळी असं नव्हतं!"

"तुमची वेळच संपत आलीय, काका. तोंड जांभळं पडलंय."

मोठा मेंदू शिस्तीवर भाषण द्यायला लागला. लंबमज्जेनं ऐकणं सोडून दिलं आणि मज्जातंतूंतून थेट श्वासपटलाला निरोप धाडला, "ओढ!" श्वासपटल खाली सरकलं, छाती फुगली आणि त्र्यंबकरावांनी भर बागेत म्हशीसारखा आवाज करत हवा आत ओढली.

जरा हुशारी आल्यावर मोठा मेंदू सगळ्या अवयवांना म्हणाला, "बघितलंत? नेमक्या क्षणी निर्णय घेतला मी. याला अनुभव लागतो."

लंबमज्जेला उत्तर द्यायला सवड नव्हती. तिला पुढचा श्वास घ्यायचा होता.