आडव्या फांदीवरचा वर्ग

पोरं वर्गातून पळाली, त्यात दोष सगळा थोरल्या तात्या सुगरणाचा होता. फार मागे, ओढ्याकाठच्या बाभळीवर, वर्ग म्हणजे आपली आडवी फांदी आणि बाकी सगळं उनाडणं, असं त्यानेच ठरवून टाकलं.

सुगरण पक्ष्यांत घरटं नर विणतो. अर्धं झालं की मादी येते, चोचीने ओढून बघते आणि पसंत पडलं तरच संसार मांडते. तरीही तात्या पोरांना ओळीत बसवून विणायची गाठ नुसती तोंडाने म्हणायला लावी. झिंगर नावाच्या पोराने एकदा गवताची पात उचलली, तर तात्या खेकसला, "आधी पाठांतर. जमत नसेल तर चालता हो."

झिंगर गेला आणि विहिरीवर झुकलेल्या शिंदीवर विणू लागला. पहिलं घरटं वाऱ्याने पाडलं, तेव्हा गाठ कुठे सैल राहते ते त्याला कळलं. मग कुणाचं तरी पडलेलं जुनं घरटं उसवत बसून त्याने उरलेलं शिकून घेतलं.

"काय रे, शाळा सोडलीस म्हणे?" विहिरीतल्या बेडकाने टोमणा मारला.

"सोडली नाही मामा, बदलली."

हळूहळू फांदीवरची बाकीची पोरंही सटकली. कुणी बोरूच्या बेटात, कुणी उसाच्या फडात, चुकत आणि एकमेकांना हसत विणायला लागली.

हंगामात मादी आली. तिने जोर लावून ओढलं, पण झिंगराचं घरटं तसूभर हललं नाही. ती खुशाल आत जाऊन बसली.

घरटं तात्यानेही बांधलं होतं. पण इतकी वर्षं तो नुसता बोलतच राहिला होता, त्यामुळे ते पहिल्याच ओढीला सुटलं. त्या वर्षी तात्याचा संसार झाला नाही.