टिचकूची झुळझुळ

ही गोष्ट मी सांगायची नव्हती. हरबाकाकांना तसं कबूल केलं होतं. हरबाकाका नळ जोडतात. ते म्हणाले, "रेणू, हे कुणाला सांगू नकोस हं. लोक हसतील." पण तुम्ही अजून लहान आहात. तुम्ही हळूच हसाल. म्हणून सांगते.

एक होता टिचकू.
टिचकू म्हणजे इवलासा खेकडा. शंखात राहायचा. त्या सकाळपासून शंखाला काळा पट्टा होता. गोल, गुळगुळीत. पट्टा त्याला फार आवडला होता.

टिचकूची जुनी टाकी लहान होती. बाबांनी मोठी आणली. नवी टाकी जोडून होईपर्यंत टिचकू बादलीत.
बादलीत पाणी होतं. पण ते हलेना. ना लाट, ना झुळझुळ.
टिचकू म्हणाला, "माझी झुळझुळ हरवली. झुळझुळ नसली की मला गुदमरतं."
बादलीत एक नळी सोडली होती. टिचकू नळीवरून चढला. शंखात पाणी भरून घेतलं. मोजून पाच थेंब.
आणि निघाला. तुरुतुरु, तुरुतुरु.

समोर मोठी टाकी. काचेची. रिकामी.
"टाकीताई, टाकीताई, मला झुळझुळ दे."
टाकी म्हणाली, "कुठून देऊ? मी कोरडी आहे. पंप पाणी चढवील, तर मी झुळझुळ देईन."

तुरुतुरु, तुरुतुरु. टुप. एक थेंब सांडला. राहिले चार.
खाली कपाटात पंप बसला होता. शेजारी खाऱ्या पाण्याचं पिंप.
"पंपमामा, पंपमामा, पाणी चढव.
पंप पाणी चढवीना,
टाकी झुळझुळ देईना."
पंप म्हणाला, "घुर्र. पाणी चढवू कुठून? पाइप वाट देईल, तर मी पाणी चढवीन."

तुरुतुरु, तुरुतुरु. टुप. राहिले तीन.
भिंतीला टेकून पाइप उभा होता. लांबच लांब.
"पाइपदादा, पाइपदादा, वाट दे.
पाइप वाट देईना,
पंप पाणी चढवीना,
टाकी झुळझुळ देईना."
पाइप म्हणाला, "मी एकटा उभा. डुगडुगतो बघ. कॉक मला धरील, तर मी वाट देईन."

तुरुतुरु, तुरुतुरु. टुप. राहिले दोन.
फरशीवर कॉक पडला होता. निळ्या दांड्याचा.
"कॉकभाऊ, कॉकभाऊ, पाइपाला धर.
कॉक पाइपाला धरीना,
पाइप वाट देईना,
पंप पाणी चढवीना,
टाकी झुळझुळ देईना."
कॉक म्हणाला, "मी धरतो, पण सैल. सगळं पाणी गळेल. पाना मला आवळील, तर मी धरीन."

तुरुतुरु, तुरुतुरु. टुप. राहिला एक.
पिशवीवर पाना पडला होता. फार जुना. सगळे त्याला आजोबा म्हणायचे.
"आजोबा, आजोबा, कॉक आवळा.
पाना कॉक आवळीना,
कॉक पाइपाला धरीना,
पाइप वाट देईना,
पंप पाणी चढवीना,
टाकी झुळझुळ देईना."
आजोबा म्हणाले, "बाळा, आवळू कसा? आत वायसर हवा. वायसर नसला की मी कितीही आवळलं तरी गळायचं ते गळतंच. वायसर सापडेल, तर मी आवळीन."
"वायसर कसा असतो?"
"काळा. गोल. रबराचा. काका सकाळपासून शोधतायत."

खरंच, हरबाकाका गुडघ्यांवर होते. पलंगाखाली बघत होते.
बाबा म्हणाले, "खिशात बघा."
"तीनदा बघितला. बिडीच्या पुडीतसुद्धा बघितलं."
"मग गळू नये म्हणून सफेदा लावा की. घरच्या नळाला लावता तसा."
"तुम्हीच म्हणालात ना, सफेदा पाण्यात उतरतो, खेकड्याला बाधतो म्हणून?"
बाबांनी कपाळ खाजवलं.
काका म्हणाले, "इतकी वर्षं नळ जोडतोय. एक वायसर मला दमवतोय. रेणू, हे कुणाला सांगू नकोस हं."
मी मान हलवली.

टिचकू टाकीपाशी परत आला. दमला होता. शंखात एकच थेंब.
तो काचेला टेकला. डोळे बारीक करून म्हणाला,
"वायसर कुठे सापडेना,
पाना कॉक आवळीना,
कॉक पाइपाला धरीना,
पाइप वाट देईना,
पंप पाणी चढवीना,
टाकी झुळझुळ देईना."

काचेत एक खेकडा दिसला. इवलासा. त्याच्या शंखाला पट्टा होता.
काळा.
गोल.
रबराचा.

टिचकूने काचेकडे बघितलं. खूप वेळ बघितलं.
पट्ट्यामुळे तो मोठा वाटत होता. पट्टा नसला की नुसता शंख. सगळ्या शंखांसारखा.
टिचकूने शेवटच्या थेंबाचा विचार केला.
मग त्याने अंग आकसलं. एक नांगी वर केली. ढकललं.
सर्र... टप्.
पट्टा फरशीवर पडला. घरंगळत घरंगळत काकांच्या गुडघ्याला लागला.

"अरे," काका म्हणाले. "हा इथेच होता होय."
बाबा म्हणाले, "तुमच्या गुडघ्याखाली असणार."
"असू दे, असू दे," काका म्हणाले आणि पाना उचलला.

मग काय?
वायसर सापडला,
पान्याने कॉक आवळला. कर्र, कर्र.
कॉकने पाइपाला धरलं. घट्ट.
पाइपाने वाट दिली.
पंपाने पाणी चढवलं. घुर्र, घुर्र.
टाकी भरली. टाकीने झुळझुळ दिली.
झुळझुळ, झुळझुळ.

बाबांना टिचकू फरशीवर सापडला. "हा बाहेर कसा आला?" त्यांनी त्याला तळहातावर घेतलं. हळूच पाण्यात सोडलं.
टिचकू वाळूवर उभा राहिला. पाणी शंखावरून गेलं. पाणी मिशांवरून गेलं. नुसता शंख. पण शंख भरलेला.
काचेपलीकडे कॉकच्या कडेला काळा पट्टा दिसत होता. एक थेंबही गळत नव्हता. टिचकू तिथे रोज एकदा जातो. बघतो आणि परत येतो.

आता एक राहिलं. पट्टा टिचकूच्या शंखावर गेला कसा? काका म्हणतात, वायसर काय, कुठेही घरंगळतो. पण घरंगळून कुणी शंखावर चढत नाही ना? त्या सकाळी बादलीपाशी कोण बसलं होतं, हे कुणी विचारलंच नाही. टिचकू एकटाच होता. शंख अगदी साधा दिसत होता. समोर काकांनी सामान मांडलेल्या कागदावर तो काळा गोल पडला होता. मला वाटलं, थोडा वेळच. म्हणून मी तो उचलला आणि—

थांबा, आज मोरीचा नळ जोडायला आलेले हरबाकाका हाक मारतायत, "रेणू, इकडे ये बघू जरा. मोरीच्या नळाचा वायसर इथेच ठेवला होता मी."