नशिबाला पन्नास फटके

फॅरो महाराज भर उत्सवात नावेच्या फळीवरून घसरले आणि थेट नाईलच्या चिखलात जाऊन बसले. साऱ्या इजिप्तसमोर! मगरीसुद्धा बघत होत्या म्हणतात.

चूक हापूची. हा महाराजांच्या वहाणा सांभाळायचा. त्या वहाणांच्या तळांवर शत्रूंची चित्रं रंगवलेली असत, म्हणजे महाराज चालले की शत्रू आपोआप तुडवले जाणार. सणाच्या दिवशी शत्रू जरा चकचकीत दिसावेत म्हणून या शहाण्याने तळांना तेल चोळलं.

दरबारात उभं केल्यावर त्याने हात जोडले. "महाराज, माझा काय दोष? शायने ठरवलेलं कुणाला चुकलंय?"

शाय म्हणजे तिकडचा नशिबाचा देव. माणूस जन्मला की त्याच्याबरोबर त्याचा शायही जन्मतो, असं ते लोक मानायचे.

"असं काय?" फॅरो गुरगुरले. "मग उद्या माझ्या शायला इथे हजर कर. पन्नास फटके देतो त्याला. तो आला नाही, तर तू मगरींच्या तोंडी."

घरी येऊन हापू रडत बसला. त्याची बायको तामित बिअर गाळत होती. सगळं ऐकून तिने कपाळावर हात मारून घेतला.

"तोंड धू आणि झोप," ती म्हणाली. "उद्या मी येते बरोबर."

दुसऱ्या दिवशी फॅरोंनी तिला बघताच विचारलं, "कुठाय शाय?"

"आलाय की, महाराज. माझ्या आधीपासून सिंहासनावर बसलाय."

तामित मुख्य पुजाऱ्याकडे वळली. "काय हो पुजारीबुवा, शाय माणसाला सोडून कधी जातो?"

"मेल्यावरच," पुजारी बोलून गेला आणि मग त्याने जीभ चावली.

"झालं तर. बोलवा चाबूकवाल्याला. फक्त त्याला बजावून ठेवा, फटका शायलाच बसला पाहिजे. दोघं अगदी चिकटून बसलेत."

चाबूकवाला केव्हाच खांबाआड सरकला होता.

"मग आधी त्याला माझ्यापासून वेगळा कर!" फॅरो ओरडले.

"करू की. पण बुवांनी आत्ताच सांगितलं, तो कधी वेगळा होतो ते. महाराजांना घाई आहे का?"

फॅरो सिंहासनावर सावरून बसले. "नाही," ते म्हणाले, "तशी काही घाई नाही." मग पुढे वाकून त्यांनी हळूच विचारलं, "पण खरं सांग बाई, मी पडलो तो शायमुळे, की तुझ्या या गाढवामुळे?"

"ते मला काय विचारता, महाराज? हा माझ्या पदरात पडला, तेव्हापासून मीही शायलाच शिव्या घालतेय. अजून एक फटका मारता आलेला नाही."

फॅरो असे खदखदून हसले, की राजचिन्ह म्हणून हनुवटीला बांधलेली त्यांची खोटी दाढी सुटून मांडीवर पडली. त्या दिवसापासून राजवाड्यात बिअर तामितच्या घरची येऊ लागली. हापूची नोकरीही टिकली. तेलाचा बुधला तेवढा महाराजांनी तामितच्या ताब्यात दिला.