अकरावी हाक

"आणि अकरावा?" दौलतगीर बुवांनी विचारलं.

रंगनाथ मास्तर अडसराकडे वळला होता.

चंदनकडा गडाच्या महादरवाजात दोघं उभे होते. इथली रीत राजांच्या वेळची. दिवस मावळला की पहारेकऱ्यांची नावं एकेक करून पुकारायची, प्रत्येक नावामागे श्वासभर थांबायचं, मगच दार लावायचं. राजे गेले, पहारे गेले, राजवाड्याचं नुसतं जोतं उरलं. पण गड पडला त्या दिवशीच्या अकरा पहारेकऱ्यांची हाक काही चुकली नाही. बुवांच्या मठानं ती गुरूकडून शिष्याकडे अशी सांभाळली.

आता बुवा थकले होते. हाक पुढं कुणाला द्यायची, ते आज ठरायचं होतं. रंगनाथला ती जिवापाड हवी होती. नऊ वर्षं त्यानं गड पालथा घातलेला. कुठल्या बुरुजाचा दगड कुठल्या खाणीतला, झोपेतून उठवून विचारा, सांगेल. आणि आपल्याला येतं हे चारचौघांना कळल्याशिवाय स्वारीला अन्न गोड लागत नसे, हेही खरंच.

दहा नावं त्यानं खणखणीत पुकारली. दरी दणाणली. मग अडसर सरकवायला गेला, तर अडसरावर बुवांचा हात.

"अकरावा म्हणजे सुभान्या ना? दिंडीदरवाजावरचा?" तो म्हणाला. "त्याचं नाव मी मुद्दाम गाळलं, बुवा."

"का रे?"

"का म्हणजे? त्यानंच आतून दरवाजा उघडला. शत्रू आत घेतला. गड गेला तो त्याच्यापायी! असल्या फितुराला शूरांच्या पंगतीला बसवायचं?"

"कुणी सांगितलं तुला?"

"कागद आहेत. मी स्वतः वाचलेत. तुम्ही रोज त्याला हाक मारता, ऐकताना लाज वाटते हो."

"मलाही वाटते," बुवा म्हणाले.

"मग टाका की ते नाव! मी हाक घेतली तर दहाच नावं घेईन. आत्ताच सांगून ठेवतो."

बुवांचा हात अडसरावरून हलला नाही. खाली गावात दिवे लागू लागले, दार तसंच सताड उघडं. नऊ वर्षं पाण्यात जातात की काय, रंगनाथला वाटलं.

"कागदांत सगळं आहे?" बुवांनी विचारलं.

"सगळं."

"सुभानजीनं दरवाजा का उघडला, तेही?"

"लालूच... असणार," रंगनाथ म्हणाला.

"असणार." बुवा हसले. "आमच्या मठात सांगतात, तेव्हा हाक मारणारा हवालदार मोठा मानी माणूस होता. आवाज असाच खणखणीत. सुभानजीला मात्र तो माणसांत धरायचा नाही."

"मग?"

बुवांनी अडसरावरचा हात काढून घेतला.

"गड गेला त्या संध्याकाळी हवालदारानं दहाच नावं पुकारली."