दोन शून्यं

"नवा सेन्सर बसवायला किती वेळ लागतो, चाचा?"

"पाच मिनिटं."

"मग मी येऊन तास झाला. तुम्ही अजून यंत्र उघडलंही नाही."

कासम परकारांनी यंत्र उलटंसुलटं करून पाहिलं. विषारी वायू ओळखणारी, खिशाला अडकवायची छोटी यंत्रं दुरुस्त करण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. कोकणातल्या एका औद्योगिक वसाहतीच्या कडेला त्यांचं दुकान होतं, आणि आसपासच्या कारखान्यांतले तरुण तंत्रज्ञ शिकायला त्यांच्याकडेच येत.

समोर बसलेली केतकी भुवड मात्र शिकायला आली नव्हती. ती याच विषयातली इंजिनिअर. नवा सेन्सर पुण्याहून स्वतः घेऊन आली होती.

"मीच बसवते," ती म्हणाली.

चाचांनी स्क्रू ड्रायव्हर तिच्याकडे सरकवला.

तिने चार स्क्रू काढले. जुना सेन्सर उपसला, नवा दाबून बसवला, झाकण लावलं. हात सराईत होता. यंत्र चालू झालं. पडद्यावरचे आकडे वर-खाली नाचू लागले.

तिने चाचणीच्या गॅसचा सिलिंडर ओढला. चाचांनी त्यावर हात ठेवला.

"थांब."

"किती?"

"दुपारपर्यंत. ते आत्ता जागं होतंय. आत्ता जे सांगेल ते खरं नाही."

"कारखान्यात एवढं कोण थांबतं?"

"कोणी थांबत नाही."

ती यंत्राकडे बघत बसली. पाठीमागची क्लिप वाकलेली होती. क्लिपजवळ काळ्या शाईत दोन अक्षरं... सु. भु.

"भाऊ?" चाचांनी विचारलं.

"सुयोग. गेल्या वर्षी टाकी साफ करायला उतरला. वर आला नाही." तिचा आवाज सपाट होता. "यंत्र खिशालाच होतं. ते शून्य दाखवत होतं."

...

"रोज सकाळी कामावर गेला की फोन करायचा. यंत्राला थोडा गॅस दाखवायचा आणि आवाज मला ऐकवायचा. म्हणायचा, ऐक, माझा कोंबडा आरवला. मी ऑफिसच्या बसमध्ये असायची. वैतागायची कधीकधी."

"मग?"

"शेवटचे दोन महिने नाही ऐकवला. चाचणीचा गॅस संपलाय, कंपनी मागवत नाही, म्हणाला."

चाचांनी मान हलवली. अशी यंत्रं त्यांच्या टेबलावर बरीच येऊन गेली होती.

"मेलेल्या सेन्सरचं शून्य आणि चांगल्या हवेचं शून्य," ते म्हणाले, "दिसायला सारखंच."

"मला ठाऊक आहे. परीक्षेत लिहिलंय मी."

बाहेरून एक टँकर गेला. दुकानाच्या काचा थरथरल्या.

"त्याने विचारलं होतं मला. तायडे, असं चालेल का? मी म्हटलं, शून्य दाखवतंय ना? मग चालेल."

...

चाचांनी तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. ती प्यायली नाही.

दुपारी ते तिला घेऊन टेकडीवरच्या सड्यावर, उघड्या कातळावर गेले. तिथे कारखान्यांचा वास पोचत नव्हता. खाडीकडून वारा येत होता. तिने यंत्र वाऱ्यात धरलं. आकडा हलला, घुटमळला, थांबला.

"ही स्वच्छ हवा. हेच शून्य यंत्राला दे," चाचा म्हणाले.

तिने बटण दाबलं.

खाली आल्यावर चाचांनी यंत्राच्या तोंडावर टोपी चढवली, नळी जोडली आणि सिलिंडरची चावी तिच्या हातात दिली. तिने ती फिरवली. आकडा चढत गेला... सात, पंधरा, बावीस. सिलिंडरवर पंचवीस लिहिलं होतं. तिने बटण दाबून यंत्राला पंचवीस शिकवलं; शिकताना ते ओरडत नाही. चावी बंद केली. आकडा उतरून शून्यावर आला.

"आता खरं बघ," चाचा म्हणाले.

तिने पुन्हा चावी फिरवली.

यंत्र ओरडलं. लाल दिवा लुकलुकला. तिच्या तळहातात ते थरथरत राहिलं.

चाचांनी चावी बंद केली. आवाज थांबला.

"आणखी एकदा," ती म्हणाली.

त्यांनी चावी सोडली. यंत्र ओरडलं. तिने ते कानाशी नेलं, फोन धरावा तसं, आणि डोळे मिटून घेतले.

"आणखी एकदा, चाचा."

या वेळी त्यांनी चावी सोडली ती बराच वेळ बंद केली नाही. तिचे खांदे हलत होते. रस्त्यावरून जाणारा एक कामगार दारात थबकला. चाचांनी त्याला हातानेच जायला सांगितलं.

मग त्यांनी चावी बंद केली.

"घरी नेते मी हे," थोड्या वेळाने ती म्हणाली. "उशाशी ठेवीन."

"ने. तुझंच आहे." चाचा नळी गुंडाळू लागले. "उद्या सकाळी पलीकडच्या कारखान्यात ठेकेदाराचा एक माणूस टाकीत उतरणार आहे. काल यंत्र मागायला आला होता. माझ्याकडे जादा नव्हतं."

...

केतकी अंगठ्याने ती दोन अक्षरं चाचपत राहिली. मग तिने वाकलेली क्लिप दोन बोटांनी सरळ केली आणि यंत्र टेबलावर, चाचांच्या बाजूला ठेवलं.

"उतरायच्या आधी गॅस दाखवून बघायला सांगा त्याला."

"सांगतो."

"नाव काय त्याचं?"

चाचांनी यंत्र उचलून खिशात टाकलं.

"तो वर आला, की त्यालाच विचार."